आवळा, कोहळा आणि साठ हजार मैल

२०१९ साली मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे न्यू जर्सीला गेलो. तिकिटे जावईबापूंनी पाठवली होती. मुंबई ते नेवार्क, आणि तीही बिझनेस क्लासची. सौ.चे दोन्ही गुडघे तेव्हा बोलू लागले होते. पंधरा तास पाय दुमडून बसणे तिला झेपले नसते. पाय लांब करून झोपता येते अशी ती खुर्ची पाहून ती हळूच म्हणाली, "किती पैसे घातले असतील हो पोरांनी?" मी मनातल्या मनात हिशेब केला आणि विमान इराणवर येईपर्यंत मला जावयाच्या घरखर्चाची काळजी लागून राहिली.

एडिसनला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी विषय काढला. तो हसून म्हणाला, "बाबा, पैसे नाही घातले. मैल घातले."

हे मैल कुठून आले, ते मला त्यांच्या टपालपेटीने सांगितले. रोज येणाऱ्या टपालात निम्मे लखोटे बँकांचे. आमचे कार्ड घ्या, पहिल्या तीन महिन्यांत तीन हजार डॉलर खर्च करा आणि अमुक विमान कंपनीचे साठ हजार मैल स्वागतभेट म्हणून घ्या. जावयाने या सगळ्याचा संगणकावर एक तक्ताच ठेवला होता. कोणते कार्ड कधी घेतले, मैल कधी जमा झाले, वार्षिक फी कधी लागणार, कार्ड कधी बंद करायचे आणि पुन्हा कधी मागायचे. नवरा-बायको दोघांच्या नावाचे वेगवेगळे रकाने. छत्तीस वर्षांच्या नोकरीत इतके नेटके ड्यू-डेट रजिस्टर मी एकाही शाखेत पाहिले नाही. महाराष्ट्र मंडळातल्या जेवणावळीत ऐकले तर घरोघरी हेच चालले होते. एडिसनमधल्या कितीतरी आईबापांचे गुडघे या लखोट्यांच्या भरवशावर अटलांटिक ओलांडत होते.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे २०२० च्या, जावयाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज पडलेला होता. त्याचे स्वतःचे काही गेले नव्हते. पण अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या 'ॲडव्हान्टेज' योजनेतल्या बऱ्याच सभासदांची खाती एकाएकी बंद केल्याची बातमी होती. खाते बंद म्हणजे शिल्लक मैल शून्य, आणि त्या मैलांवर काढलेली पुढची तिकिटेही रद्द. गुन्हा काय? तर कार्डांच्या स्वागतभेटी नियमाबाहेर जाऊन उचलल्या.

प्रकरण मुळातून पाहण्यासारखे आहे. कार्ड सिटीबँकेचे, मैल विमान कंपनीचे. बँकेच्या नेहमीच्या जाहिरातीत एक वाक्य असे: याच कार्डाची स्वागतभेट ठरावीक महिन्यांत आधी घेतली असेल तर पुन्हा मिळणार नाही. ही मुदत चोवीस महिने होती, पुढे अठ्ठेचाळीस झाली. पण बँक टपालाने जी निवडक आमंत्रणे धाडी, त्यांतल्या काहींत हे वाक्यच नव्हते. आमंत्रणावर एक सांकेतिक क्रमांक असे. तो घालून अर्ज केला की कार्ड मंजूर होई; खर्च पुरा केला की मैल जमा होत. मग काय, लोकांनी एकामागून एक कार्डे घेतली. स्वतःच्या नावची आमंत्रणे संपली तेव्हा दुसऱ्याच्या नावची वापरली. हे क्रमांक पैसे मोजून विकत घेणारेही निघाले.

आता, दुसऱ्याच्या नावच्या आमंत्रणावर जेवायला बसणाऱ्याला पंगतीतून उठवले तर मी डोळ्यांत पाणी आणणार नाही. तसे करणाऱ्यांना आपण काय करतो आहोत हे पुरते ठाऊक होते. पण बँकेचे काय? प्रत्येक अर्ज तिने पाहिला, प्रत्येक मंजूर केला. एकाच गिऱ्हाइकाला तेच कार्ड पुन्हा पुन्हा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला आमच्या काळात तपासणी पथकाने चहासुद्धा गोड लागू दिला नसता. आणि मुख्य मेख पुढेच आहे. वादग्रस्त मैल तेवढे काढून घेतले असते तर गोष्ट वेगळी. इथे खातेच गेले. त्या खात्यात माणसाने प्रत्यक्ष विमानात बसून, कामाच्या फेऱ्या मारून साठवलेले मैलही गेले. एखादी नोंद चुकली तर ती उलटवतात. चुकीच्या एका जमेपायी गिऱ्हाइकाची सारी शिल्लक गिळली, असे करणारा मॅनेजर निलंबित होतो. निदान व्हायला हवा.

हा लखोट्यांचा उद्योग सुरू कसा झाला, ती कथाही रंजक आहे. १९५८ साली बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात साठ हजार लोकांच्या घरी, कोणी मागितलेले नसताना, कार्डे टपालाने टाकली. चोऱ्या झाल्या, थकबाकी झाली, बोंब झाली. पण कार्ड रुजले, आणि इतर बँकांनीही तोच कित्ता गिरवला. शेवटी १९७० मध्ये न मागता कार्ड पाठवण्यास अमेरिकेत कायद्याने बंदी आली. कार्ड पाठवता येईना, तेव्हा अर्ज पाठवू लागले; आणि लोकांनी अर्ज भरावा म्हणून सोबत आमिष.

दुसरा धागा विमानांचा. १९७८ पर्यंत तिथे भाडी सरकार ठरवी. त्या वर्षी कायदा करून ते बंधन काढले आणि कंपन्यांत भाड्यांची मारामारी सुरू झाली. गिऱ्हाईक आज इथे, उद्या तिथे. त्याला बांधून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये मैल मोजण्याची योजना काढली. युनायटेडने काही दिवसांतच तिची नक्कल केली. १९८७ मध्ये अमेरिकनने सिटीबँकेबरोबर कार्ड काढले. एक डॉलर खर्चा, एक मैल मिळवा. मैलाचा आणि उडण्याचा काडीमोड झाला तो इथे. तेव्हापासून किराणा आणला तरी मैल, दात काढला तरी मैल.

यात पैसा कोणाचा फिरतो? दुकानदार प्रत्येक कार्डाच्या व्यवहारावर शेकडा दोनच्या आसपास रक्कम सोडतो आणि अर्थात ती मालाच्या किमतीत लावतो. रोखीने घेणारी गरीब बाईही तीच किंमत देते. त्या रकमेतून बँक विमान कंपनीकडून मैल विकत घेते आणि ते गिऱ्हाइकाला वाटते. डेल्टा एअरलाइन्सला २०२४ या एका वर्षात अमेरिकन एक्स्प्रेसकडून सुमारे ७.४ अब्ज डॉलर मिळाले. विमान उडवून नव्हे, मुख्यतः मैल विकून. म्हणून स्वागतभेट ही खैरात आहे असे कोणी म्हणू लागले की मला हसू येते. ती विकलेली वस्तू आहे. तिचा पैसा विमान कंपनीच्या गल्ल्यात पडलेला असतो, आणि मैल वापरले जाईपर्यंत ते तिच्या पुस्तकात देणे म्हणून उभे असते. मैल जप्त झाले की तेवढे देणे उतरते. हे ज्याला लाभाचे, त्यानेच सभासदाचा न्यायनिवाडाही करायचा. आवळा देऊन कोहळा काढण्याची रीत आपल्याला जुनी आहे, पण आवळाही परत घेण्याची ही तऱ्हा नवी.

इथे मला माझ्या एका शाखेची आठवण येते. १९८० च्या दशकातली गोष्ट. ठेवींवरचे व्याजदर तेव्हा वरून ठरलेले; कोणत्याच बँकेला पाव टक्काही जास्त देता येत नसे. त्यामुळे चढाओढ चाले ती कॅलेंडर, डायरी आणि किरकोळ भेटवस्तूंची. एका वर्षी ठेव पंधरवड्यात आमच्या मुख्य कचेरीने टूम काढली: नवे आवर्त ठेवीचे खाते उघडणाऱ्याला स्टीलचा झाकणाचा डबा. तालुक्याच्या गावात स्टीलच्या डब्याची काय मातब्बरी होती ते आजच्या मुलांना सांगून कळायचे नाही. गावातल्या एका शिक्षिकाबाईंनी पंधरा दिवसांत सात खाती उघडली. स्वतःचे, यजमानांचे, सासूबाईंचे, तीन मुलांचे आणि एक नुकत्याच जन्मलेल्या पुतणीचे. सात डबे घेऊन गेल्या. तीन हप्ते भरले आणि सातही खाती बंद केली.

विभागीय कचेरीचे खरमरीत पत्र आले. सदर भेटवस्तू वसूल करण्यात याव्यात. मी तेव्हा नवा अधिकारी. पत्र घेऊन बाईंच्या घरी जायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. निघताना मॅनेजरसाहेबांनी थांबवले. जुना, खडूस माणूस. कोणावर दया दाखवल्याची ख्याती नव्हती. त्यांनी मूळ परिपत्रक काढायला सांगितले. "एका घरात एकच डबा, असं कुठं लिहिलंय?" नव्हते लिहिलेले. "खातं वर्षभर चालवलं पाहिजे, असं लिहिलंय?" तेही नव्हते. "मग डबे तिचे. आपल्याला परिपत्रक लिहिता येत नाही, त्याचा दंड तिनं का भरावा?" त्यांनी विभागीय कचेरीला दोन ओळींचे उत्तर धाडले. पुढच्या वर्षीच्या परिपत्रकात दोन्ही अटी होत्या, ठळक अक्षरांत.

बाई काही साध्याभोळ्या नव्हत्या, हे मला मान्य आहे. साहेबांनाही मान्य होते. पण ज्याने कागद लिहिला त्याने कागदातल्या भोकाची किंमत मोजायची, एवढे त्यांना कळत होते. अमेरिकेतही हे शहाणपण एके काळी होते. १९९९ साली 'हेल्दी चॉइस' या खाद्यपदार्थांच्या कंपनीने मालाच्या वेष्टनावरच्या पट्ट्यांच्या बदल्यात विमानाचे मैल देऊ केले. कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरने दुकाने धुंडाळून पाव डॉलरला मिळणारे पुडिंगचे कप शोधले आणि ३,१४० डॉलरचे १२,१५० कप उचलले. एवढे पुडिंग खाणार कोण? त्याने ते एका धर्मादाय संस्थेला दिले आणि बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांकडून पट्ट्या सोलून घेतल्या. मैल झाले साडेबारा लाखांच्या आसपास. कंपनीने निमूटपणे दिले. देशभर त्या माणसाचे कौतुक झाले.

मग वीस वर्षांत काय बदलले? बदलली ती नियमांची भाषा. अमेरिकन एक्स्प्रेसने आधी एका कार्डाची स्वागतभेट जन्मात एकदाच, असे केले. कडक आहे, पण स्वच्छ आहे. मला त्याबद्दल तक्रार नाही. पुढे अटींत असे आले की तुम्ही स्वागतभेटीचा गैरवापर केला आहे, किंवा तुमचा तसा इरादा आहे, असे आमच्या एकट्याच्या मते ठरले तर आम्ही भेट नाकारू. इरादा! चेस बँकेचा नियम आणखी नवलाचा: चोवीस महिन्यांत कोणत्याही बँकांची मिळून पाच नवी कार्डे घेतली असतील तर तिची बहुतेक कार्डे मिळत नाहीत. हे तिथे पोराटोरांना ठाऊक आहे, पण बँकेने तो नियम छापलेला नाही. लोकांनी आपापले नकार मोजून तो शोधून काढला.

कर्जाचा अर्ज हातात घेऊन मी आयुष्य घालवले. समोरच्याचा इरादा ओळखायचा प्रयत्न रोज केला आणि निम्म्या वेळा चुकलो. म्हणून तर आमच्याकडे तारण होते, जामीन होता, वचनचिठ्ठी होती. इरादा कागदावर येत नाही, म्हणून कागद करायचा असतो. स्वागतभेटीसाठी कार्ड घेऊ नका, असे म्हणणाऱ्यांनी मग लखोट्यावर साठ हजारांचा आकडा एवढ्या मोठ्या टायपात छापलाच का? आमिषाला भुलून यावे आणि भुललो हे मनात आणू नये, अशी ही अपेक्षा.

कोणी म्हणेल, कोर्टे आहेत की. आहेत खरी. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने मैलांवरच्या तिकिटांवर नव्या मर्यादा घातल्या आणि त्या आधी जमलेल्या मैलांनाही लावल्या. इलिनॉयमध्ये सभासद कोर्टात गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ग्राहकाची फसवणूक झाली म्हणून राज्याच्या कायद्याखाली दाद मागता येणार नाही. १९७८ चा तो भाडेमुक्तीचा कायदा आड येतो. मात्र कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला असेल तर करारभंगाचा दावा चालेल. बरे झाले, असे वाटले.

मग आले गिन्सबर्ग यांचे प्रकरण. हे मिनेसोटातले एक रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या योजनेतले वरच्या दर्जाचे सभासद. २००८ मध्ये कंपनीने त्यांचे सभासदत्व काढून घेतले. कारण काय, तर आठेक महिन्यांत त्यांनी २४ वेळा गाऱ्हाणी मांडली, त्यांतली ९ सामान पट्ट्यावर उशिरा आल्याची. गैरवापर झाला की नाही ते कंपनी आपल्या एकट्याच्या विवेकाने ठरवील, असे कलम होते. रब्बींचे म्हणणे इतकेच की विवेक वापरायचा तर तो प्रामाणिकपणे वापरावा. २ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती अलिटो यांचे. प्रामाणिकपणाचे हे न लिहिलेले बंधन राज्याच्या कायद्याने लादलेले असेल, तर ते विमान कंपनीला लावता येत नाही. सभासदाला योजना पसंत नसेल तर त्याने चांगल्या नावलौकिकाच्या दुसऱ्या कंपनीकडे जावे, सरकारी वाहतूक खात्याकडेही तक्रार करावी, असेही त्यात आहे.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचा. लिहिलेल्या शब्दाला कोर्ट आहे, सचोटीला नाही. आणि लिहितो कोण, तर कंपनी. तिने "आमच्या मर्जीनुसार" एवढे एक कलम घातले की लिहिलेला शब्दही तिचाच झाला.

मैल ही सभासदाची मालमत्ता नाही, हे प्रत्येक योजनेच्या अटींत असतेच. पण करोनाच्या साथीत गंमत झाली. विमाने जमिनीवर, तिजोरीत खडखडाट. कंपन्यांना कर्ज हवे, पण रिकाम्या उभ्या विमानांवर कोण देणार? तेव्हा त्यांनी तारण म्हणून पुढे केल्या त्या याच योजना: त्यांचे नाव, त्यांच्या सभासदांची माहिती आणि बँकांबरोबरचे करार. युनायटेडने २०२० मध्ये या तारणावर ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज, अमेरिकनने मार्च २०२१ मध्ये १० अब्ज. युनायटेडने योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर दाखवले. त्या वेळी साऱ्या कंपनीचे शेअर बाजारातले मोल त्याच्या निम्म्याच्या आसपास होते. कर्जअधिकारी म्हणून मी हे तारण हातात घेऊन नीट पाहिले असते. त्यात खरी वस्तू कोणती? अमुक लाख माणसे उद्याही कार्ड घासतील हा विश्वास. म्हणजे सभासदाच्या विश्वासावर कंपनीला दहा अब्जांचे कर्ज मिळते, आणि सभासदाला मात्र स्वतःच्या मैलांवर सांगता येईल असा हक्क नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार बड्या कंपन्यांकडून या योजनांची माहिती मागवली. मैलांचे मोल कसे कमी केले जाते, हा त्यातला एक प्रश्न. प्रश्न योग्यच होता. पण माझ्या मते स्वागतभेटीपुरता उपाय त्याहून सोपा आहे, आणि तो आमच्या खडूस साहेबांना ठाऊक होता. अट आमंत्रणावरच, आकड्याइतक्याच टायपात छापा. बँकेने अर्ज मंजूर करून मैल जमा केले की ते सभासदाचे. लबाडी झाली असे वाटले तर सिद्ध करा, आणि तेवढीच नोंद उलटवा. सांगण्यापुरते यात नवे काही नाही. कोणत्याही पतपेढीच्या पोटनियमांत एवढी माणुसकी सापडते.

आपल्याकडेही हे वारे आता आले आहे. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला बंद पडली, तरी तिचे मैल वेगळ्या कंपनीत असल्याने नव्या नावाने तगले. पण ज्या विमानांसाठी ते जमवले, ती विमाने नव्हती. १२ नोव्हेंबर २०२४ ला व्हिस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे गुण महाराजा क्लबात गेले. हाती व्हिस्ताराचे कार्ड असलेल्या माझ्या एका पुतण्याने मला विचारले, "काका, कार्ड घेताना कबूल केलेल्या तिकिटाचं आता काय?" मी त्याला म्हटले, करार आण, वाचू. करार त्याच्याकडे नव्हता. पटीवर बरोबरची खूण करायला सांगितली, त्याने केली होती.

जावयाने २०२० नंतर तक्ता ठेवणे बंद केले नाही, पण हात आखडता घेतला. लखोटे अजून येतात. तो न उघडता फाडतो. सौ.च्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. तिला नातीच्या शाळेच्या पदवीदानाला जायचे आहे. परवा फोनवर मी त्याला सहज विचारले, किती मैल शिल्लक आहेत?

"एक लाख चाळीस हजार, बाबा."

"म्हणजे दोघांची तिकिटं होतात?"

पूर्वी या कंपन्या कोणत्या खंडाला किती मैल लागतात त्याचे कोष्टक छापत. डेल्टाने २०१५ मध्ये ते काढून टाकले, युनायटेडने २०१९ मध्ये. आता आकडा रोज बदलतो.

"ते ज्या दिवशी काढू त्या दिवशी कळेल," तो म्हणाला.